पाळणा थांबतो तेव्हा

कोकंदच्या खोसियतचं पत्र आलं त्याला चौदा महिने झाले होते आणि मी त्याचं उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होतं. खण उघडला की ते दिसायचं, म्हणून मी चष्म्याचं घर, टाचण्या, रक्तदाबाच्या गोळ्या असं सगळं हळूहळू खालच्या खणात नेलं, आणि शेवटी वरच्या खणात ते एकटंच राहिलं. उघडून वाचायची गरजही नव्हती. वहीचा चौकटींचा कागद, निळी शाई, पेन इतकं दाबून धरलेलं की मागच्या बाजूला बोट फिरवलं तर अक्षरं लागावीत. 'अस्सलाम, उबैदुल्ला-अका. तुम्ही मला ओळखत नाही. मी पाळणे बनवणाऱ्या उस्ता मीरवलींची मुलगी. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून काम मी बघते. त्यांच्या पेटीत तुमचा आराखडा सापडला. वडील म्हणाले, हा माणूस ताश्कंदहून आला होता, चहा प्यायला, लाजला आणि गेला. आराखड्यावरून मी पाळण्याखाली बसवायची ती पेटी बनवली. दोरी एकदा ओढली की पाळणा आपोआप डुलतो. पण थांबताना हिसका देतो. माझ्या हाताची चूक आहे की आणखी काही, ते कळवा. आणि वडील म्हणतात, ज्याची कल्पना त्यानं हो म्हटल्याशिवाय एकही विकायची नाही. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही बनवू. नाही म्हणालात तर आहे ती मोडून टाकू.' खाली एक ओळ होती, की माझा पत्ता तिच्या गल्लीतल्या नफीसाच्या आईकडून मिळाला. नफीसा म्हणजे आमच्या शेजारच्या घरातली सून.

हो म्हणायला काय लागतं? एक शब्द. मी तो लिहायला बसलो नाही असं नाही. पहिल्या खर्ड्यात मी दोन पानं आभारच मानले आणि ते वाचून मलाच कसंसं झालं. दुसऱ्यात कल्पना मुळात माझी नाही, अशा गोष्टी जगात अनेकांनी केल्या असतील, वगैरे लिहिलं. ते खरं असूनही खोटं वाटलं. तिसऱ्यात हिसक्याबद्दल लिहू लागलो तर हात अडखळला. कारण हिसका तिच्या हाताची चूक नसेल, कल्पनाच चुकीची असेल, तर? अडतीस वर्षं एक गोष्ट मनात जपून ठेवली होती, तो एक आराखडा सोडला तर कुणालाही न दाखवता, आणि ती न दाखवल्यामुळेच शाबूत राहिली होती. तिच्याकडे नीट बघायचं म्हणजे ती मोडू शकते. मी खर्डे फाडले. मग वसंत गेला, टरबुजं आली, संपली, बर्फ पडलं, वितळलं. मुअत्तर, माझी बायको, टेबल पुसताना वरच्या खणाच्या मुठीवरून फडकं जरा जास्त वेळ फिरवायची.

मी एकतीस वर्षं कापडाची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वाचनालयात काम केलं. कारखाना आता नाही. तिथे आज सोफे विकतात. तळमजल्यावरच्या कामगारांना काही सुचलं की ते तेलकट हातांनी माझ्याकडे यायचे. कुणाला धागा तुटला की माग थांबवायची युक्ती सुचलेली असायची, कुणाला रीळ फिरवायची. मी त्यांच्यासाठी जुने अंक काढून बघायचो की हे आधी कुणी केलंय का, आणि नसेल तर शोधाचा अर्ज भरून द्यायचो. असे दोनशे बारा अर्ज मी भरले. त्यातले एकोणसत्तर मंजूर झाले. मंजूर झाला की माणूस खरबूज घेऊन यायचा, किंवा पुलाव खायला बोलवायचा, आणि मी जात नसे, कारण चारचौघांत हात कुठे ठेवावेत हे मला कधीच कळलेलं नाही. माझा स्वतःचा अर्ज मी भरला नाही. कोरा फॉर्म बरीच वर्षं माझ्याकडे होता. त्यावर पहिलाच रकाना होता, 'शोधकर्त्याचं नाव', आणि तिथे आपलं नाव लिहिणं मला पुढच्या सगळ्या रकान्यांपेक्षा अवघड वाटायचं.

त्या एप्रिलमध्ये दुपारी मी खिडकीपाशी वाचत बसलो होतो. जर्दाळूचा बहर सरला होता आणि खालच्या अंगणात सतरंज्या धुवायला सुरुवात झाली होती. शेजारी हुर्निसाच्या घरी नातू झाला होता, तिच्या शुहरतचा आणि नफीसाचा मुलगा, पंधरावा दिवस असेल. चिल्ल्याचे चाळीस दिवस बाहेरचं माणूस त्या घराचा उंबरा ओलांडत नाही, त्यामुळे आमच्या मजल्यावर एक प्रकारची शांतता होती. दारं हळू लागत होती, लोक जिन्यात कुजबुजत होते. आणि त्या शांततेत भिंतीतून आवाज आला. ठक, मग जरा वेळ, मग ठक. जमिनीवर दोन वाकड्या पायांवर डुलणारा पाळणा आमच्याकडे प्रत्येक घरात वाजतो, त्यात नवल नव्हतं. पण हाताची लय अशी नसते. हात मध्येच विसरतो, बाई कुणाशी बोलते, पुन्हा आठवतं. हा आवाज विसरत नव्हता. आणि तो हळूहळू लहान होत चालला होता, प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा एका केसानं हलका.  मी पुस्तक मिटलं नाही, बोटही हललं नाही. जगात असा लहान होत जाणारा ठोका एकाच ठिकाणी होता, माझ्या डोक्यात. तो आता भिंतीपलीकडे होता. मी श्वास धरून वाट बघू लागलो, आता तो इतका लहान होईल की थांबलेला कळणार नाही, कारण सगळी कल्पना तेवढीच तर होती. डुलवणं कुणालाही जमतं. अवघड आहे ते थांबणं. आईचा हात अचानक थांबला की मूल जागं होतं, म्हणून आया झोपेतही हात हलवत राहतात. ठोके बारीक झाले, अगदी बारीक झाले, आणि मग धडक लागावी तसा एक हिसका. बाळ किंचाळलं. पाठोपाठ हुर्निसाचा आवाज: "आलं का पुन्हा ते कोकंदचं भूत!"

"अहो," मुअत्तर स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तासाभरात तुम्ही एक पान उलटलेलं नाही."

"ऐकतोय."

"दुसऱ्याच्या सुनेच्या खोलीला कान लावून बसायचं वय आहे का हे?"

 ती हात पुसत आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही ऐकलं. पलीकडे पुन्हा दोरी ओढली गेली होती. ठक, ठक. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्याशी लग्न करून सत्तेचाळीस वर्षं काढलेल्या बाईला काही सांगावं लागत नाही, आणि हेच कधीकधी अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी पाव घेऊन येताना जिन्यात हुर्निसा भेटली. झाडूला टेकून ती उभीच होती, कुणीतरी यायची वाट बघत. चाळीस दिवस घरात कुणी येत नाही म्हणजे तिच्यासारखीची फार आबाळ होते.

"दोमला, तुम्ही शिकलेले," ती म्हणाली. वाचनालयात होतो म्हणून सगळा मजला मला मास्तर म्हणतो. "एक सांगा मला. पाळण्याला यंत्र कशाला हवं? आम्ही काय थोट्या बायका आहोत? सहा पोरं डुलवली या हातानं. पाळणा आणायचा मान सुनेच्या माहेरचा, आम्ही तोंड उघडायचं नाही. पण पाळण्यात घड्याळ? उद्या दूध पाजायला नळ आणतील!"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"झोपलेलं पोर उठवतं ते! झोपवून उठवायचं, हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं असेल?"

"बरोबर आहे."

"चिल्ल्यात बाळाजवळ ठोकाठोक नको, म्हणून गप्प आहे. एकेचाळिसाव्या दिवशी कुऱ्हाड घेते आणि पेटी वेगळी करते. आणि कोकंदला निरोप धाडते, की बायांनो, असलं पुन्हा कुणाच्या लेकराखाली ठेवू नका."

तिसऱ्यांदाही मी बरोबर आहे म्हणालो आणि घरात आलो. पाव अजून गरम होते, छातीशी धरले होते ते जाणवत होतं. मला राग आला नव्हता. उलट एक जुनी, ओळखीची सुटका वाटली, की चला, कल्पना चुकीचीच होती, आता उत्तर द्यायला नको. हुर्निसाचा निरोप गेला की उस्ताची मुलगी पुन्हा अशी पेटी बनवणार नाही, आणि वरचा खण पुन्हा चष्म्याला मिळेल. मी खुर्चीत बसलो. पण दुपार झाली, पलीकडे दोरी ओढली गेली, आणि मी घड्याळ हातात घेऊन ठोके मोजत होतो. मिनिटाला बत्तीस. पुन्हा मोजले. बत्तीसच. माझ्या आराखड्यात अडतीस होते, तो आकडा मी झोपेतही सांगितला असता. मग स्प्रिंग मऊ असेल. पण मऊ स्प्रिंग ठोका हलका करेल, सावकाश करणार नाही. मग लाकूड? जमीन? चार दिवस मी मोजत राहिलो. सकाळी, दुपारी, बाळाला तहान लागायच्या आधी आणि नंतर. बत्तीस. मला आठवतं, त्यात मी सुखी होतो. चिंता होती, पण ती एखाद्या हिशेबाची चिंता होती, माणसांची नव्हती, आणि तशी चिंता मला नेहमीच मानवलेली आहे.

पाचव्या दिवशी मी बाल्कनीत गेलो तर शेजारच्या बाल्कनीच्या कठड्यावर बाळाची गादी वाळत घातली होती. पाळण्यातली असते तशी, कापसानं गच्च भरलेली, वीतभर जाड, मधोमध बाळाच्या शू-शीसाठी भोक पाडलेली. ऊन तिच्यावर पडलं होतं आणि तिच्यातून ओलसर, गोड, जरा आंबूस वास येत होता, जो लहान मूल असलेल्या कुठल्याही घरातून येतो. त्या वासानं मी थेट चिलानझारच्या जुन्या खोलीत गेलो, जिथे आमची दिलोरोम तीन महिन्यांची होती. उन्हाळा होता. मी तिचा पाळणा मोकळा करून त्याखाली घड्याळाची स्प्रिंग आणि लाकडी चाकं जोडली होती, आणि दोरी ओढणार एवढ्यात आईनं मनगटावर चापट मारली. माझं वय तेव्हा छत्तीस होतं. "रिकामा पाळणा हलवतोस? लेकीच्या जिवावर उठलास का?" मी म्हणालो, मोजमाप तर घ्यायला हवं. "मग भर काहीतरी त्यात. रिकामा हलवलास तर मी या घरात राहणार नाही." मुअत्तर कोपऱ्यात ओठ दाबून हसत होती. मी इकडेतिकडे बघितलं. आमच्या खोलीत भरायला काय होतं? पुस्तकं. मी कारखान्याच्या अंकांचे चार बांधीव खंड आणले, वजन करून बघितले, सहा किलो दोनशे ग्रॅम, तीन महिन्यांच्या बाळाइतके, आणि पाळण्यात आडवे ठेवले. आई समाधानानं म्हणाली, आता ठीक. मी दोरी ओढली. मिनिटाला अडतीस. त्या अडतीसवरून मी ते चाक आखलं, गोगलगाईच्या शंखासारखं, ज्याच्या कडेवरून दोरी घसरत जाते आणि प्रत्येक धक्का आधीच्यापेक्षा लहान होतो.

आणि दिलोरोम? इतक्या वर्षांत मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. दिलोरोम त्या वेळी कुठे होती? जमिनीवर झोपली होती. तिच्या गादीवर.

मी कठडा धरला. पुस्तकं पाळण्याच्या लाकडी तळावर होती. गादी खाली जमिनीवर होती, लेकीच्या अंगाखाली. खरं मूल वीतभर गादीवर झोपतं, पुस्तकांपेक्षा वीतभर उंच. वजन वर गेलं की डुलणं सावकाश होतं, हे मी शंभर जणांना पुस्तकातली आकृती काढून दाखवलं असेल. शेवटी पाळणा अजून परत येत असतो, आणि माझी पेटी, अडतीसच्या घाईत, त्याला समोरून धक्का देते. खोसियतचा हात अगदी बरोबर होता. तिनं माझी चूक केसाचाही फरक न करता लाकडात उतरवली होती. त्या बाल्कनीत, त्या वासात, मला इतका आनंद झाला की आजही तो सांगताना संकोच वाटतो. कौतुकाला काय उत्तर द्यायचं हे मला आयुष्यात कळलं नाही. पण चुकीला उत्तर असतं. चूक ही कामाची गोष्ट आहे. तिला लांबी असते, रुंदी असते, ती माझी आहे असं मान वर करून म्हणता येतं.

आमचा पाळणा माळ्यावर होता. दिलोरोमची मुलं त्यात वाढली, समरकंदहून तो परत आला आणि मुअत्तरनं त्यात थंडीच्या रजया भरून ठेवल्या. मी तो खाली काढायला स्टुलावर चढलो तेव्हा ती खाली पाय धरून उभी राहिली. का, असं तिनं विचारलं नाही. मी पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो तेव्हा मात्र म्हणाली, "अहो, पुन्हा पुस्तकं? जरा शिका की."

तिनं गादी घातली. तांदळाची तीन किलोची पिशवी आणली, तिला अंगडं चढवलं, मग थांबली. "मुलाचं डोकं जड असतं. पुस्तकाला डोकं नसतं." थंडीतला शेवटचा भोपळा तिनं डोक्याच्या जागी ठेवला, टोपडं घातलं. "आपटू नका. नंतर याच्या मंती वाफवायच्या आहेत." आणि मग तिच्या हातांनी जे केलं ते बघत मी नुसता उभा राहिलो. तिनं तांदळाचे हात सरळ केले, पाय सरळ केले, एक पट्टा छातीवर, एक गुडघ्यांवर, न बघता, इतक्या सफाईनं की तो भोपळा खरंच कुणीतरी असल्यासारखा वाटू लागला. संधिवातानं वाकलेली तिची बोटं त्या वेळी वाकलेली दिसली नाहीत.

"कुणावर गेलाय?" मी विचारलं.

"तुमच्यावर. बोलत नाही."

तिनं वरच्या दांड्याला हात लावला आणि पाळणा डुलू लागला. मी घड्याळ बघत होतो, म्हणून ती गुणगुणायला लागली ते मला आधी कळलंच नाही. शब्द नव्हते, नुसतं अल्ला-अल्ला, नाकातून. बत्तीस. मी मोजणं संपवलं तरी ती थांबली नाही आणि मीही थांब म्हणालो नाही.

चाक आखायला तीन दिवस लागले. आकडेमोड जुनीच होती, हात नवे होते. मी आयुष्यभर इतरांनी बनवलेल्या वस्तूंबद्दल कागद भरले. चिलानझारचा तो एक उन्हाळा सोडला तर स्वतः कधी खिळाही ठोकला नव्हता. लाकूड मला जमलं नसतं. पण पुस्तकं बांधायची सुरी माझ्याकडे होती, आणि पुठ्ठा कसा कापतात ते हाताला माहीत होतं. त्या वेळचे जुने खंड कारखाना बंद झाला तेव्हा मी घरी आणले होते. त्यांतल्या एकाचं जाड वेष्टन मी सोडवलं. पुस्तकाला सुरी लावताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. दोन पुठ्ठे चिकटवून पहिलं चाक कापलं, कड चिरफळली. दुसरं एका जागी सपाट झालं. तिसरं बरं झालं होतं, पण हात लावून बघताना एक खड्डा लागला आणि मी ते बाजूला ठेवलं. चौथ्याच्या कडेवरून मी डोळे मिटून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि बोट कुठेच अडलं नाही.

"हे तू नेऊन दे," मी मुअत्तरला म्हणालो. "तू जातेसच दारापर्यंत सूप घेऊन."

"सूप माझं, म्हणून मी नेते. चाक तुमचं."

"हुर्निसाला काय सांगू?"

"काय सांगायचं ते."

मी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चार पावलं आहेत. बेल वाजवायची नव्हती म्हणून नखानं टकटक केलं. दार हुर्निसानं उघडलं, तिच्या मागे, आत अंधारात, नफीसा बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, डोक्यावर पांढरा रुमाल.

"दोमला, चिल्ला आहे," हुर्निसा म्हणाली.

"आत येत नाही. फक्त हे... पाळण्याच्या पेटीतलं मोठं चाक काढून हे बसवायचं. शुहरतला सांगा, दोन स्क्रू आहेत, ठोकावं लागणार नाही."

"शुहरत बसवेल, पण तुम्हाला काय ठाऊक पेटीत किती स्क्रू आहेत ते?"

आत्तापर्यंतच्या आयुष्यात असे प्रसंग मी खोकून टाळले होते. खोकला आलाही. पण हातात पुठ्ठ्याचं चाक होतं आणि ते तिनं घेतलं नव्हतं. "ती पेटी मी काढलेली आहे," मी म्हणालो. "म्हणजे कागदावर. फार वर्षांपूर्वी. तो हिसका बनवणारीचा नाही. तो माझा आहे."

हुर्निसानं चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे त्या दिवशी जिन्यात मी तुमच्याच तोंडावर..."

"हो."

"आणि तुम्ही तीन वेळा बरोबर आहे म्हणालात!"

"चुकीचं काही बोलला नव्हतात तुम्ही."

मागून एक बारीक आवाज आला. हसू होतं ते, दाबलेलं. नफीसा म्हणाली, "खोसियत-ओपानं पेटी विकली नाही, बाळासाठी अशीच दिली, आणि सांगितलं होतं. पत्रानं ऐकत नाहीत, भिंतीतून ऐकतील. म्हणून पाळणा या भिंतीला लावला."

हुर्निसा वळली. "म्हणजे सूनबाई, खिडकीतून वारा लागतो म्हणून नव्हे?"

"वाराही लागतोच की, आई."

"बघा!" हुर्निसा मला म्हणाली, जणू या घरात आता आम्ही दोघंच एका बाजूला उरलो होतो. "कोकंदची माणसं बघा!" तिनं चाक घेतलं, उजेडात धरून उलटसुलट केलं. "हे? एवढंसं? पुठ्ठ्याचं?" मग जरा वेळानं म्हणाली, "एक दिवस बघते. एकच. पोर रडलं तर कुऱ्हाड आहेच."

तो एक दिवस म्हणजे दुसऱ्या दिवशीची दुपार. मी पुस्तक घेतलं नाही, ढोंगाचा उपयोग नव्हता. भिंतीपाशी खुर्ची ओढून बसलो. मुअत्तर जमिनीवर बसून मंतीसाठी भोपळा चिरत होती. पलीकडे कुजबुज झाली, शुहरत काही म्हणाला, दार लागलं. मग दोरी ओढल्याचा खर्रकन आवाज. ठक. सुरुवातीला ठोके मोठे होते, आणि मी मोजले नाहीत, तरी बोटं गुडघ्यावर मोजत होती. माझ्या मनात आलं, एवढ्या लांबून एवढ्याशा गोष्टीसाठी आलास तू. मग आलं, ही एवढीशी गोष्ट नाही, या क्षणी त्या खोलीत एक जीव आहे ज्याला तुझं नाव माहीत नाही आणि त्याला झोप हवी आहे. मग कोकंदचं ते अंगण आठवलं, उस्ता मीरवली चहाचा पेला पुढे सरकवताना म्हणाले होते, "यंत्र काय कुणीही बनवेल, बेटा. पण आईचा हात कधी थांबला हे कुणाला कळतं का?" आणि मी त्यांना सांगूच शकलो नव्हतो की अहो, तेच तर, माझ्या आराखड्यात तेवढंच आहे, मी मान खाली घालून आराखडा सतरंजीवर ठेवला आणि गाडी चुकेल म्हणून उठलो होतो. ठोके हलके झाले होते. भिंतीत आता आवाजापेक्षा एक थरथर उरली होती, घड्याळ दुसऱ्या खोलीत असावं तशी. मी हिसक्याची वाट बघत होतो. सगळं अंग त्या एका जागेपाशी आवळून धरलं होतं. खालच्या अंगणात कुणीतरी सतरंजी झटकली. एक मोटार गेली. मी अजून ऐकत होतो, अजून ठोका आहे असं मला वाटत होतं, बारीक, कानाच्या अगदी आत, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो माझा स्वतःचा ठोका आहे, मानेतला. पलीकडे काही नव्हतं. कधीपासून नव्हतं ते मला सांगता आलं नसतं.

"थांबला?" मुअत्तरनं विचारलं.

"माहीत नाही."

तिनं सुरी खाली ठेवली. आम्ही दोघं ऐकत राहिलो. बाळ रडलं नाही. बऱ्याच वेळानं, पाव तास तरी झाला असेल, आमच्या दारावर नखानं टकटक झाली. मुअत्तरनं उघडलं. हुर्निसा होती, बोट ओठांवर ठेवलेलं, दुसऱ्या हातात बशीभर निशाल्लो, अंड्याच्या पांढऱ्याची ती गोड, फेसाळ मिठाई.  हुर्निसा काही न बोलता गेली हे मजल्यावर कुणाला सांगितलं तर पटणार नाही. बशी मुअत्तरच्या हातात देऊन, टाचा उचलून, चोरासारखी ती परत गेली.

मी वरचा खण उघडला. पत्राशेजारी कागद ठेवला आणि एका बैठकीत लिहिलं. 'खोसियत, हिसका तुझा नव्हता. मी मोजमाप घेतलं तेव्हा पाळण्यात गादी नव्हती, बाळाऐवजी पुस्तकं होती. तू माझ्या आराखड्याप्रमाणे तंतोतंत केलंस, म्हणून चूक सापडली. नवीन चाक कापून पाठवतो आहे, यावरून लाकडाचं कर. कडेवर बोट फिरवून बघ, कुठे अडलं तर ते टाकून दे. बनव. विक. वडिलांना सलाम सांग आणि सांग की त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर हे आहे. उशीर झाला.' उशीर झाला याच्यापुढे मी कारणं लिहिणार होतो. पेन जरा वेळ वर धरलं, मग खाली पूर्ण नाव लिहिलं आणि टोपण लावलं. मग पाचवं चाक कापलं. ते चौथ्यापेक्षा चांगलं झालं.

पोस्टात फक्त एक खिडकी उघडी होती. बाईनं लिफाफा हातात घेतला, वाकवून बघितला, तो वाकेना. तिनं तो काट्यावर ठेवला आणि दोन रकान्यांच्या पावतीवर पेन टेकवलं, आणि म्हाताऱ्यांना मारतात तशी हाक मारली.

"आत काय आहे, ओता? कागद की वस्तू? कागद असेल तर साधं टपाल, वस्तू असेल तर वेगळा फॉर्म."

मागे दोन माणसं उभी होती. मला घाई करायला हवी होती, पण मी लिफाफ्याकडे बघत राहिलो. पुठ्ठा म्हणजे कागदच की. सगळं आयुष्य मी जे पाठवलं ते कागदच होते.

"ओता?"

"वस्तू," मी म्हणालो.

तिनं वेगळा फॉर्म पुढे सरकवला. मी तो भरला, तिनं शिक्का मारला आणि लिफाफा मागच्या टोपलीत टाकला, बाकीच्या पुडक्यांवर.